सावली बाद, ढालही बाद

वैजयंतीताई सरंजामे यांची माझी ओळख इंदूरच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये झाली. त्या गणित शिकवत, मी मराठी. माझं नाव विचारण्याआधीच त्यांनी विचारलं, "एखादा प्रश्न सगळ्याच मुलांचा चुकला, तर चूक मुलांची की प्रश्नाची?" मला उत्तर सुचलं नाही. ताई आता साठीच्या झाल्या, तरी त्यांच्यापुढे माझी अवस्था तीच आहे.

कॉलेजनं शहरातल्या मुलांसाठी कॉम्प्युटर गेमची स्पर्धा सुरू केली, तेव्हा नियमांचं काम ताईंकडे आलं. समितीत एक माणूस कमी पडत होता, म्हणून मीही. खेळ मला एवढाच समजला की दोघं समोरासमोर बसतात, आपापला योद्धा निवडतात आणि पडद्यावर लढतात. परदेशीपुऱ्याची निकिता 'सावली' नावाची योद्धा घेई. ही सावली मध्येच अदृश्य होई आणि समोरचा हरे. निकिता फायनलला पोचली तोवर सगळे कुरकुरू लागले होते. "भिया, ये तो चीटिंग है," एक मुलगा इंदुरी थाटात मला 'भैया' करत म्हणाला. यात चीटिंग कुठली, हेच मला कळेना.

ताईंनी काही नवख्या मुलांना सावली देऊन चांगल्या खेळाडूंसमोर बसवलं. नवखेही जिंकले. "म्हणजे जोर निकिताचा नाही, सावलीचा आहे. फायनलला सावली बाद," ताई म्हणाल्या. पण निकिताला हे नोटीसबोर्डावरून कळू नये, म्हणून त्या मला घेऊन आधी तिच्या घरी गेल्या.

निकितानं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, मी इतकी प्रॅक्टिस केली, वो भी बॅन हो गई क्या?"

ताई हळूच म्हणाल्या, "ती प्रॅक्टिस तुझ्याजवळच आहे गं." हे निकिताला पटलेलं दिसलं नाही. मलाही नीटसं पटलं नाही.

फायनलला निकितानं दुसरा योद्धा घेतला. समोरच्या मुलानं 'ढाल' नावाचा घेतला. त्याला कुठलाच वार लागत नव्हता. निकिता हरली आणि उठून म्हणाली, "मॅडम, आता याची पण टेस्ट घ्या."

बक्षिसं मांडून झाली होती. ताई तिची समजूत घालतील असं मला वाटलं. त्यांनी पाहुण्यांना थांबायची विनंती केली आणि तिथल्या तिथे टेस्ट घेतली. ढाल घेऊन नवखे पुन्हा जिंकू लागले. ताई माईकवर आल्या. "चूक माझी आहे. ढालीला फक्त सावलीच आवरत होती. सावली काढली तर ढालीचं काय होईल, हे मी तपासलं नाही. दोन्ही बाद. फायनल पुन्हा होईल."

विजेत्या मुलाचे वडील संतापले. "माझा मुलगा नियमानं जिंकलाय." मला तेही बरोबर वाटलं. ताईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "तुमचा मुलगा चुकला नाही, साहेब. नियम चुकला." शेवटी तो मुलगाच म्हणाला, "पापा, खेलने दो."

पुढच्या रविवारी पुन्हा सामना झाला. निकिता थोडक्यात हरली. मी तिची समजूत घालायला गेलो, तर ती हसत होती. "सर, इस बार तो मैं हारी." राजेंद्र नगरला, आपापल्या घरी परतताना मी ताईंना विचारलं, हरून ही पोरगी खूश कशी? "तिनं सांगितलं ना तुम्हाला," ताई म्हणाल्या. अजूनही ते मला अर्धंच कळलंय.

आता निकिताही नियमांच्या समितीत आहे. सावलीची ताकद थोडी कमी करून तिला परत घ्यावं, असं ती म्हणते. ताई नाही म्हणतात. ताई बोलल्या की मला ताईंचं पटतं, निकिता बोलली की निकिताचं. ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि या दोघींच्या मध्ये बसून असंच गोंधळून जाण्याचं भाग्य मला खूप वर्षं मिळत राहो.