नागपूरच्या वाटेवरचा वाघ

पहिल्यांदा जंगल सफारीला निघालेल्या माणसाचं काय काय होतं, ते मला विचारा. मी एवढी तयारी केली होती की जंगलानंच गेटावर माझा सत्कार करायला पाहिजे होता.

आमची आई दर दसऱ्याला पप्पांबरोबर नागपूरला, दीक्षाभूमीवर जायची. परत येताना पप्पा खिडकीतून लांब बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "तिकडं ताडोबा. पुढल्या साली तुला वाघ दाखवतो, कबूल!" पुढल्या साली कधी त्यांना रजा नसायची, कधी आम्हा पोरांच्या परीक्षा. शेवटी पप्पाच गेले. गेल्या हिवाळ्यात टीव्हीवर वाघ दिसला, तेव्हा आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "आमचा वाघ ऱ्हायलाच बघ." झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. आईला वाघ दाखवायचा म्हणजे दाखवायचाच.

तर ऐका. वाघ बघायचा असेल तर उन्हाळ्यात जायचं, तो पाण्यावर येतो. बुकिंग फार आधी करावं लागतं. मी ते ऑफिसात बसून चोरून केलं आणि झाल्यावर खुर्चीतच नाचले. ओळखपत्र मूळ लागतं, झेरॉक्स चालत नाही. मोबाईल गेटावर जमा करायचा. वाघ दिसेलच याची खात्री नाही, हेही सगळे सांगतात, पण ते मी कानाआड केलं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे जंगलात आवाज करायचा नाही.

इथंच माझं धाबं दणाणलं. आमची आई मूळची पाचोडची, आठवडी बाजाराच्या गलक्यात वाढलेली. आता आम्ही राहतो त्या छावणी भागात ती भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली की पलीकडच्या गल्लीला मेथीचा भाव कळतो. म्हणून मी रोज संध्याकाळी तिची शाळा घ्यायला लागले.

"वाघ दिसला तर काय करायचं?"

"गप बसायचं."

"आणि?"

"वरडायचं नाय, उठायचं नाय, हात दाखवायचा नाय. व्हय गं माझ्या मास्तरीण!"

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, वाघाचीपण एकदा शिकवणी घे. टायमावर ये म्हणावं."

एवढं सगळं केलं आणि कपड्यांचं सांगायचं राहिलं. मी स्वतःसाठी खाकी पँट घेतली होती, खिसेच खिसे असलेली. त्या खिशांत काय ठेवतात ते मला अजून कळलेलं नाही. सफारीच्या दिवशी पहाटे, गेटाजवळच्या मुक्कामी, आई खोलीतून बाहेर आली ती पांढऱ्याशुभ्र साडीत. तिच्यामागं भाऊ, पांढरा शर्ट, पांढरी पँट. दोघांचीही बॅग तिनंच भरलेली.

"अगं आई, जंगलात मातकट, हिरवं घालतात! पांढरं कोसावरून दिसतं!"

"नागपूरच्या वाटंला लागायचं म्हणलं की मी पांढरंच भरते," आई म्हणाली. "इतकी वर्षं दुसरं काय भरलं?"

मी कपाळाला हात लावला आणि आम्ही उघड्या जिप्सीत चढलो. सकाळच्या फेरीत हरणं दिसली, गवा दिसला, मोर तर किती तरी. प्रत्येक वेळी आई तोंडात पदर कोंबून आनंदानं हलायची आणि अख्खी जिप्सी तिच्याबरोबर हलायची. वाघाचा मात्र पत्ता नाही. माझं पित्त खवळायला लागलं. गाईडला मी दर वळणावर विचारत होते, "आता? आता तरी?" शेवटी आईनं मला ओढून खाली बसवलं आणि कानात म्हणाली, "वाघ काय तुझा नोकर हाय का, हाक मारली की यायला?"

बाहेर आलो तेव्हा आईची साडी धुळीनं पार मातकट झालेली. ड्रायव्हर हसून म्हणाला, "मावशी, आता बरोबर रंग आला." आम्ही तिघं हसून हसून लोटपोट झालो.

दुपारची फेरी शेवटची. आता नाही तर मग कधी! पुढं वारं लागतं म्हणून आई एकटीच मागच्या सीटवर बसली. एका पाणवठ्याजवळ माकडं एकाएकी खेकसायला लागली. गाईडनं हात वर केला, गाडी थांबली. "इथंच आहे," तो पुटपुटला. मी पुढचा दांडा घट्ट धरला. मी, भाऊ, गाईड, ड्रायव्हर, सगळे पाण्याकडं डोळे लावून बसलो. पापणी हलवायचीपण भीती वाटत होती. किती तरी वेळ गेला. माकडं शांत झाली, ऊन उतरलं, गेट बंद व्हायची वेळ झाली. नाही म्हणजे नाहीच आला.

परतीच्या वाटेवर मला रडू आवरेना. आई मागं एक शब्द बोलत नव्हती. मला वाटलं, बिचारी हिरमुसली.

गेटाबाहेर उतरलो तर पाणवठ्याजवळ आमच्यामागं थांबलेली जिप्सी शेजारी येऊन उभी राहिली. तिच्यातला कॅमेरेवाला ओरडला, "काय नशीब हो तुमचं! तुमच्या गाडीमागूनच रस्ता ओलांडला की त्यानं! आम्ही इतके हातवारे केले, पुढचं कुणी वळेना. या मावशी तेवढ्या मागं वळलेल्या, अगदी समोरासमोर!"

आम्ही गर्रकन वळलो. आई नुसती लाजल्यासारखी हसत होती.

"आई! दिसला तुला?"

"व्हय. लई मोठा. आला, थांबला, माझ्याकडं बघितलं आन् गेला."

"अगं मग सांगायचं नाही का?" मी अशी किंचाळले की गेटावरचा माणूस मोबाईल हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आता! तूच म्हणली व्हतीस ना, वाघ दिसला की गप बसायचं?"

भाऊ हसता हसता खालीच बसला. मीही हसत होते आणि डोळे पुसत होते. दिसला, माझ्या आईला वाघ दिसला! पण जीव राहीना. "हळूच एक चिमटा तरी काढायचा होतास गं!"

आईनं जन्मात पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"काढणार व्हते. हातबी पुढं केला व्हता. मग म्हणलं, नको. वाघ त्यांनी मला कबूल केला व्हता. तेवढा येळ आम्ही दोघंच असू दे."