रोख्यांचे वकील आणि टोकियोतलं बारसं

जाऊबाईंचं पहिलं बाळंतपण करायला मी टोकियोला गेले, असं आज कुणाला सांगितलं तर हसतात. पण त्याला तसं कारण होतं. माझ्या धाकट्या जावेला, गिरिजाला, आई नव्हती. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर शिवानंद, तिथे एका वकिलांच्या कचेरीत कामाला होता. त्यानं पत्रात लिहिलं, ‘वैनी, तिकीट पाठवतो, तू ये.’ सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. घरात आठ दिवस खल झाला. माझी दोन मुलं सासूबाई बघतील, ह्यांचा डबा त्याच करतील, असं ठरलं आणि दिवाळी आटोपून मी निघाले.

निघताना मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला बाजूला बोलावलं. ते सोलापूरच्या कोर्टात दिवाणी वकील. अक्कलकोट, मैंदर्गीकडचे लोक जमिनीचे दावे घेऊन त्यांच्याकडे येत. आमच्या घरी मराठी आणि कानडी दोन्ही चालतं, पण मनातलं बोलायचं झालं की मामंजी कानडीवर येत. एवढंच म्हणाले, ‘यावाग बरती, म्हणून विचार त्याला.’ कधी येतोस, ते विचार. धाकट्यानं आपल्या शेजारी कोर्टात बसावं, ही त्यांची एकच इच्छा होती. मीही लिंगपूजेला बसले की दुसरं काही मागत नव्हते.

सामानाचं सांगते, कारण कुणी तिकडे निघालं असेल तर उपयोगी पडेल. कडक भाकऱ्यांचा डबा, शेंगाचटणी, तूरडाळ, हळद, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा शेपा-ओवा. भेट द्यायला दोन सोलापुरी चादरी. आणि आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बाळाला बांधायला मठातून आणलेलं लहानसं लिंग, चांदीच्या करंडकात. मुंबईपर्यंत रेल्वेनं हे सोबत होते. विमानात मात्र मी एकटी. बँकॉक, हाँगकाँग करत विमान जातं. त्यातल्या जेवणाला मी शिवले नाही. भाकरी मोडायला लागले, तर तिचा आवाज ऐकून पलीकडच्या रांगेतला साहेब वळून बघायला लागला. त्यालाही एक तुकडा दिला. त्यानं बराच वेळ चावला आणि मान डोलावली.

हानेदाच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं करंडक उघडायला लावला. मी हात जोडले, लिंगाला कपाळ लावलं. त्याला काय कळलं ते शिव जाणे. त्यानं स्वतःच झाकण हलक्या हातानं लावून करंडक दोन्ही हातांनी परत दिला. ते शहर मला त्या क्षणी आवडलं.

शिवानंदचं घर नाकानो भागात, लाकडी इमारतीत वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, खाली चटया. रात्री गाद्या अंथरायच्या, सकाळी कपाटात घालायच्या. थंडी अशी की डाळ शिजायची कुठली. रॉकेलच्या शेगडीवर कुकर ठेवून मी राखण करत बसायची. शाकाहारी माणसानं एक लक्षात ठेवावं, तिथे नुसत्या भाजीच्या रश्शातही मासळीचा अर्क असतो. शेवयांचा वाफाळता वाडगा बघून मला भुरळ पडली होती, पण गिरिजानं वेळीच हात धरला. ‘अक्का, ते आपलं नव्हे.’ मग मुळा, पालक, भोपळा आणि सोयाबीनच्या दुधाचं पनीर, ह्यावर चाललं. भाव ऐकून मुळादेखील जपून किसायची. एका मुळ्याच्या पैशात सोलापूरच्या मंडईत आठवड्याची भाजी यायची. पाला टाकत नव्हते, त्याची चटणी करायची. शेजारीण चटणी बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरच्या मुळ्यांचा पाला दारात आणून ठेवला. नंतर रोजच ठेवायला लागली.

शिवानंद रात्री इतक्या उशिरा यायचा की मी जेवण झाकून ठेवायची. एका रविवारी मी त्याला विचारलं, हे काम तरी कसलं? त्यानं छान समजावून सांगितलं. एखाद्या परदेशी सरकारला किंवा मोठ्या संस्थेला पैसे हवे असतात. ते जपानी लोकांकडून येनमध्ये कर्ज घेतात. त्याचे रोखे निघतात, बँका आणि दलाली पेढ्या ते विकतात. रोखे विकण्याआधी त्या संस्थेची सगळी खरी माहिती छापून अर्थखात्यात द्यावी लागते. ती लिहितात वकील. एक शब्द खोटा निघाला तर कुणाचे तरी पैसे बुडतात. अशी कामं करणाऱ्या कचेऱ्या अख्ख्या टोकियोत बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याची त्यातली एक. परदेशी कागद इंग्रजीत येतात, ते तपासायला त्याला ठेवलं होतं. मुंबईच्या सॉलिसिटरांकडे असताना त्याचं काम टोकियोच्या एका जपानी वकिलानं पाहिलं होतं. तेच ओकुदा सेन्सेई, त्याच्या कचेरीचे मुख्य. सेन्सेई म्हणजे गुरुजी. तिथे वकिलांनाही गुरुजीच म्हणतात.

सेन्सेईंनी मला कचेरी बघायला बोलावलं. चादर घेऊन गेले. उंच इमारत, आत मात्र आवाज नाही. आमच्या कोर्टाच्या आवारात पक्षकार, कारकून, चहावाले ह्यांचा जो गलका असतो, त्यातलं काही नाही. एका लांब टेबलावर छापील कागद पसरले होते आणि प्रत्येक वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीनं आकडा घातलेला. त्या आकड्याचा पुरावा भिंतीकडच्या खोक्यांत. ‘इथे इतका पाऊस पडतो’ असं वाक्य असेल तर पावसाचाही कागद हवा.

मी विचारलं, एवढं वाचणार कोण?

‘कुणी नाही वाचत, वैनी. पण कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.’

सेन्सेई साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे. चादर घेऊन त्यांनी उलटी बाजू बघितली, वीण बोटानं चाचपली. मामंजींची चौकशी केली, ते किती वर्षं वकिली करतात वगैरे. परतताना आगगाडीत शिवानंदनं मला खरी बातमी दिली. हातातलं काम पार पडलं की सेन्सेई त्याला कचेरीत कायम करणार होते. आधी दोन वर्षं अमेरिकेत शिकायला, मग परत टोकियो. आजवर तिथे कुठल्या हिंदुस्थानी माणसाला हे मिळालेलं त्याला माहीत नव्हतं.

मी मामंजींचा निरोप सांगितला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘अप्पांना सांग, मला हे काम येतं. फार चांगलं येतं. तिथे येऊन मी बांधावरची भांडणं मिटवू?’

 हातातलं काम कुणाचं आहे, एवढं मी सहज विचारलं, तर त्यानं मान हलवली. कागद अर्थखात्यात जाईपर्यंत नाव तोंडातून काढायचं नसतं. गिरिजालाही त्यानं सांगितलं नव्हतं. आधी ज्याच्या कानावर जाईल तो बाजारात त्याचा फायदा उठवेल, म्हणून.

मुलगी झाली. गोरीपान, डोकं भरून जावळ. दवाखान्यातल्या नर्सा बाळाला न्हाऊ घालायच्या ते बघून मला धीर निघेना. घरी आणल्यावर मी माझ्या पद्धतीनं पाय पसरून, तेल चोळून न्हाऊ घातलं. शिवानंद त्या आठवड्यात कचेरीतच झोपायचा. बाळाला त्यानं नीट पाहिलंही नव्हतं.

बाराव्या दिवशी बारसं केलं. तिथे लिंग बांधायला मठातले स्वामी कुठून आणणार? सोलापूरहून निघताना स्वामींनीच सांगितलं होतं, तूच बांध. मी बाळाला विभूती लावली आणि लिंग बांधलं. पाळणा नव्हता, तर लुगड्याची झोळी केली. टोकियोतली चार-पाच मराठी कुटुंबं आली होती. त्यांच्यात वडीलधारे म्हणजे तात्या. मूळचे नातेपुत्याचे, एका परदेशी बँकेच्या शाखेत मोठ्या हुद्द्यावर. इंग्रजी सुटाबुटातलं, पण मराठी गावाकडचंच. सगळेजण त्यांच्या पाया पडत. गिरिजाला त्यांनी लेकीसारखं सांभाळलं होतं. दवाखाना त्यांनीच ठरवून दिला होता.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, तरी बाळाच्या बापाचा पत्ता नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गिरिजा झोळीपाशी मान खाली घालून बसलेली. शेवटी तो आला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. तात्यांनी त्याला सगळ्यांसमोर धरलं.

‘काय रं वकील? पोरीच्या बारशालाबी उशीर? बाळातपण वैनीनं काढलं, बारसं वैनीनं केलं. तू कशाला हायस मग, पाट मांडायला?’

सगळे हसले. शिवानंद म्हणाला, काम होतं.

‘कसलं काम? आमाला सांगन्यासारखं न्हाय व्हय? लई मोठा झालास की.’

आमच्या घरात मोठ्या माणसानं विचारलं आणि पोरानं उत्तर दिलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. मुकाट उभं राहणं म्हणजे उर्मटपणा. मामंजींनी दोन्ही मुलांना तसंच वाढवलं होतं. त्यानं एकदा गिरिजाकडे बघितलं. मग तात्यांच्या पाया पडला आणि हळू आवाजात सांगून टाकलं, कुठल्या सरकारचं कर्ज आणि सोमवारी कागद अर्थखात्यात जाणार. मी तिथेच ताटं वाढत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, गिरिजाची मान वर झाली. ते नाव मी अजूनही कुणाला सांगितलेलं नाही.

‘मग असं सांग की,’ तात्या म्हणाले आणि त्यांनी त्याला जवळ घेतलं.

तात्यांच्या मनात पाप नव्हतं. सोमवारी सकाळी बँकेत ते अभिमानानं सरकारच्या नावासकट बोलून गेले, एवढ्या मोठ्या कामात आपल्याकडचा पोरगा आहे. शेजारच्या टेबलावरून ते एका दलाली पेढीत गेलं आणि दुपारच्या आत सेन्सेईंच्या कानावर. त्यांनी कचेरीतल्या एकेकाला विचारलं. शिवानंदची पाळी आली तेव्हा तो लगेच म्हणाला, मी सांगितलं.

त्या दिवशी तो उजेडी घरी आला. बाळाला मांडीवर घेऊन बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

दोन दिवसांनी तात्या आले. दारातच खाली बसले. ‘माज्या जिभंला हाड न्हाय, पोरी,’ एवढंच गिरिजाला म्हणाले. ते सेन्सेईंकडे जाऊन सगळं आपल्या अंगावर घेऊन आले होते. पण सेन्सेईंनी चहा पाजून परत पाठवलं होतं.

मग सेन्सेई स्वतः आले. लाकडी पेटीत ठेवलेलं एकच खरबूज बाळासाठी आणलं होतं. चटईवर ताठ बसले. मी शिवानंदला म्हटलं, त्यांना सांग, ह्यात तुझा दोष नाही, आमच्यात मोठ्यांना उत्तर न देणं पाप समजतात.

‘हे मी सांगणार नाही, वैनी.’

सेन्सेईंना माझ्या आवाजावरून कळलं असावं. ते माझ्याकडे वळून सावकाश इंग्रजीत बोलले. मी मॅट्रिक झालेली, सगळं समजलं. ‘वडीलधाऱ्यानं विचारलं आणि ह्यानं सांगितलं. माझ्या मुलानं असं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण हा माझा मुलगा नाही, माझा वकील आहे.’

जाताना त्यांनी शिवानंदला खूप खाली वाकून नमस्कार केला. शिवानंद त्याहून खाली वाकला. दोघेही बराच वेळ तसेच होते. 

शिवानंदची तिथली नोकरी संपली. परतीच्या विमानात आम्ही चौघं होतो. टोकियोत काय बघितलं म्हणून लोक विचारतात. देवळं बघितली, मोठाली दुकानं बाहेरून बघितली, एकदा लांबून बर्फाचा डोंगर बघितला. थंडीत जाणार असाल तर लोकरी मोजे इथूनच न्या, तिकडे महाग पडतात. स्टेशनावर इंग्रजीत नावं असतात, घाबरू नका. कुणाला पत्ता विचारलात तर तो सांगत बसत नाही, सोबत येऊन पोचवतो.

सोलापूर स्टेशनवर मामंजी स्वतः टांगा घेऊन आले होते. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामंजींनी नातीला उचललं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आणलंस बघ त्याला.’ काय झालं होतं ते त्यांना शिवानंदनं एका वाक्यात सांगितलं होतं. त्यांना ते क्षुल्लक वाटलं. गुरू झाला तरी इतका कडक कसा, म्हणाले. मी देवासमोर बसले, पण त्या दिवशी मला काही मागताही येईना आणि आभारही मानता येईनात.

शिवानंदनं काळा कोट चढवला आणि काम सुरू केलं. कामात तो चोखच होता. सात-बाराच्या उताऱ्यावरच्या ओळींखालीही तांबडे आकडे घालायचा. पक्षकार आपणहून त्याच्याकडे यायला लागले. पहिलं मोठं प्रकरण मैंदर्गीच्या दोन भावांच्या वाटणीचं. रात्री पंगतीला बसल्यावर मामंजींनी विचारलं, ‘एनायतु?’ काय झालं आज? ते स्वतः रोजच कोर्टातल्या गोष्टी जेवताना रंगवून सांगत, आम्ही बायकाही ऐकत असू.

शिवानंद ताटाकडे बघत म्हणाला, ‘अप्पा, तो पक्षकार माझ्यावर विश्वास टाकून आलाय. त्याचं मी घरात बोलणार नाही.’

 मामंजी रागावले नाहीत. वकीलच ते, त्याचं बरोबर आहे हे त्यांना कळत होतं. त्यांनी मला ताक वाढायला सांगितलं.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं होते. बापलेक एकाच खोलीत, शेजारी शेजारी टेबलं टाकून बसायचे. पण शिवानंदला काही विचारायचं असलं, अगदी जेवलास का एवढंच, तरी मामंजी आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणायचे, ‘विचारू का गं त्याला?’

विचारा की, मी म्हणायची. ते मान हलवायचे आणि न विचारताच परत जाऊन आपल्या खुर्चीत बसायचे.