म्हशीचं पथ्य

नणंदेच्या लग्नात भात आणि चपात्या खूप उरल्या. अन्न वाया जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी घमेली भरभरून म्हशीपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी म्हैस उठेना. पोट फुगलेलं, रवंथ बंद.

जनावरांचे डॉक्टर आले. सुई टोचून झाल्यावर ओट्यावर बसून समजावू लागले. म्हशीच्या पोटात बारीक जीव असतात, चारा तेच पचवतात. एकदम एवढा भात गेला की पोट आंबतं आणि ते जीव मरतात. आता थोडे दिवस कोरडा कडबाच घाला, बाकीचं हळूहळू. शेण कसं पडतं ते बघत जा.

मी चहाची कपबशी धरून दाराआड उभी होते. मला बीडच्या डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं. मला आतड्याची सूज आहे, शौचाला रक्त पडतं. ते म्हणाले होते, "बाई, आतड्यात चांगले जंतू असतात, आपण खातो त्यावर ते जगतात. गोळ्या चुकवू नका. त्रास वाढला की मऊ भात, मुगाचं वरण, सोसलं तर ताक. तिखट, तळलेलं, पाकिटातलं नको. बरं वाटलं की भाकरी, भाज्या हळूहळू वाढवा."

हे सगळं नवऱ्यासमोर सांगितलं होतं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "गोळ्या घे म्हंजी झालं." आमच्याकडे कालवण एकाच पातेल्यात होतं, काळ्या मसाल्याचं, आणि सुनेनं शेवटी जेवायचं असतं. तोवर भात संपलेला असतो. तळाचं तिखट कालवण आणि भाकरी उरते.

म्हशीचं पथ्य मात्र सगळ्या घरानं पाळलं. सासूबाई कडबा बारीक तोडून तिच्यापुढे टाकत. सासरे उठल्याबरोबर गोठ्यात जात आणि नवरा अंथरुणातूनच ओरडून विचारी, "पातळ हाय का घट्ट?" माझं कुणी विचारलं नाही. मलाही सांगायची लाज वाटायची.

एक दिवस वाढताना मी धीर केला. "मामा, म्हशीचं डॉक्टर म्हणले तसंच माझ्या पोटाचंबी हाय. माझ्यापुरता मऊ भात येगळा टाकू का?"

सासरे खाली बघून जेवत राहिले. नवरा म्हणाला, "मंग तुलाबी कडबा घालू का?"

"घाल की," सासूबाई म्हणाल्या, "पर ही दूध कुठं देती?"

सगळे हसले. मीसुद्धा तोंडाला पदर लावून हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

म्हैस बरी झाली. मी उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीपाशी चक्कर येऊन पडले. दवाखान्यात रक्त चढवावं लागलं. डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, "यांना खायला काय देता?"

"आमी खातो तेच की सायेब. दुजाभाव करीत न्हाई." हे तो छाती काढून म्हणाला.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी फरशीकडे बघत म्हणाले, "सगळ्यांचं झाल्यावर उरतं ते मिळतं मला." परत येताना एसटीत नवरा मला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसला.

आता चूल पेटली की मी आधी माझा भात टाकते आणि सगळ्यांच्या आधी जेवते. सासूबाई माझ्याकडे पाठ करून बसतात. शेजारणीला ऐकवतात, "आमच्यात सुनंचं ताट पयलं असतंय, बया." गोळ्या चालू आहेत, रक्त कमी झालंय. भात गरम असतो. डॉक्टर म्हणतात सावकाश चावून खा. मी चोरी केल्यासारखी भराभर गिळते आणि उठते.