वाट्याचा बांध

विद्यापीठात मी प्रदेश शिकायला गेलो. एखाद्या भागाची संस्कृती, पर्यावरण आणि समाज एकत्र अभ्यासायचा, असा तो एम.ए.चा विषय. पहिल्या वर्षी जे देश शिकलो तिथला व्हिसा मला कोणी देणार नव्हतं. दुसऱ्या वर्षी विभागप्रमुखांना स्थानिकतेचं महत्त्व पटलं आणि क्षेत्रभेटीसाठी त्यांनी काल्हेरजवळचं, खाडीकाठचं आमचंच गाव निवडलं.

गावात तोवर सगळी गोदामं झाली होती. पिकतं शेत एकच उरलं होतं, माझ्या काकांचं. भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा लांब बांध होता. त्याचे घरागणिक वाटे. होळी झाली की प्रत्येक घराने आपला वाटा चिखल थापून भक्कम करायचा. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. ते घर संपलं, असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं.

होळीनंतर आमचा वर्ग गावात गेला तेव्हा काकांचा वाटा नीट लिंपलेला होता. शेजाऱ्यांच्या वाट्याला मात्र माती वाहून खांड पडली होती. त्यांनी जमीन विकून टाकलेली, आणि तिच्यावरचं गोदाम भरावावर उंच उभं होतं. त्याला भरतीची भीती नव्हती.

चार बाहेरची माणसं बघतायत म्हटल्यावर शेजारी लाजेने तरी येतील, अशी काकांना आशा होती. ते आलेही, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. विभागप्रमुख बांधावर उभे राहून सामूहिक श्रमसंस्कृतीवर बोलले. पाणी चढू लागलं तरी बोलतच होते. मग शेजाऱ्यांनी मातीचं घमेलं उचललं आणि फोटोसाठी धरून ठेवलं.

“फोटो झाला असंल तर माती टाका,” काका म्हणाले.

शेजारी हसले. “घमेल्यानं काय होतंय? उद्या मशीन पाठवतो.”

आमचा वर्ग धडधाकट पोरांचा होता. मी घमेल्याकडे वळलो, तर सरांनी थांबवलं. अभ्यासकाने हस्तक्षेप केला की निरीक्षण बिघडतं, म्हणाले. काकांनीही मान हलवली; ज्याचा वाटा त्यानेच भरायचा. विद्यापीठाचं आणि काकांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मशीन आलं नाही. काकांनी दोनदा निरोप धाडला. पुन्हा विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. लावणी झाली. श्रावणातल्या अमावास्येला, भर दुपारी, उधाणाचं पाणी खांडीतून आत आलं. रोपं आधी पिवळी पडली, मग काळी. कुजका वास गोदामांपर्यंत जायचा. हमाल नाकाला रुमाल बांधून ट्रक भरत राहिले.

पुढच्या होळीपर्यंत काकांच्या वाट्याच्या दोन्ही अंगांना खाडी होती. बांधाचा तेवढाच तुकडा शाबूत उभा होता.

तेव्हाच विभागप्रमुखांचा फोन आला. घमेल्याचा तो फोटो विभागात दाराशीच लावला होता, खाली ‘जिवंत परंपरा’ असं लिहून. नव्या वर्गालाही बांधावर आणायचं होतं. काकांना विचारून सांगतो म्हणालो.

काका ओट्यावर बसले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“येऊ दे,” म्हणाले. “होडी सांगून ठेवतो.”