सुटली म्हणा, शेठ

भित्री मी जन्माची नाही. माहेरी शिरूरला असताना नदीच्या डोहात उडी मारणारी पोर होते मी. पण मूल झालं आणि माझ्या अंगात भीती शिरली ती शिरलीच. लोक म्हणतात, बाळंतपणात बाईचा पुनर्जन्म होतो. माझा झाला तो सशाचा.

लग्न होऊन मी दौंडला आले होते. आमचे मालक रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलायचे. खोली मालधक्क्याच्या मागं, एका रांगेत सहा बिऱ्हाडं. धक्क्यावर गुळाच्या ढेपा, ज्वारीची पोती, शेंगदाण्याची पेंड, काय नाही ते उतरायचं आणि त्याच्यावर पोसलेल्या घुशी आमच्या भिंतीत राहायच्या. बीळ बुजवलं की शेजारी दुसरं. फुटक्या बाटल्यांच्या काचा घालून बुजवलं तरी तेच. सुरुवातीला मी हसायची. मालकांना म्हणायची, "खोली रेल्वेनं त्यांनाच दिलीय, आपण भाडेकरू."

मग पोर झाली. ती सहाएक महिन्यांची असेल. एका दुपारी तिला गोधडीवर निजवून मी नळावर धुणं धूत होते. तिचं रडणं ऐकू आलं आणि हातातलं लुगडं तिथंच टाकून मी पळाले. रोजचं रडणं नव्हतं ते. आत गेले तर दुपट्यावर रक्त आणि पोरीच्या पायाशी घूस. बरं, मला बघून पळावं ना तिनं? छे! माझ्याकडं बघितलं आणि सावकाश, पोट घासत, बिळात गेली. पोरीच्या डाव्या पायाच्या करंगळीचं टोक तिनं कुरतडून नेलं होतं.

दवाखान्यात लाल औषध लावलं, सुई टोचली. जखम भरली. माझं काय भरलं नाही. मी पोरीला खाली ठेवायचीच बंद झाले. कडेवर घेऊन भाकरी थापायची, कडेवर घेऊन केर काढायचा. भिंतीत खुडबुड झाली की तिला घेऊन दाराबाहेर जाऊन उभी राहायची. विषाच्या गोळ्या टाकाव्यात तर पोर आज-उद्या रांगेल, तोंडात काय घालेल काय नेम! सापळा आणला तर घुशीनं तोच वाकडा केला.

शेवटी मालक म्हणाले, "मांजर आणू. पिल्लू न्हाई, चांगलं जाणतं मांजर. पिल्लू म्हंजी घुशीची न्याहारी व्हईल."

आता जाणतं मांजर कोण कुणाला देतं? उंदीर मारणारं मांजर घरातलं माणूस असतं, ते काय कुणी हातावर ठेवत नाही. स्टेशनवर होती म्हणा ढीगभर, पण ती प्रवाशांच्या जेवणाच्या डब्यांतल्या मासळीला सोकावलेली, कुणाच्या दारात दोन दिवस टिकायची नाहीत. तेव्हा मलाच आठवलं. शिरूरला माझ्या माहेराच्या मागच्या आळीत पांजरपोळ होता. म्हाताऱ्या गाई, आंधळं घोडं, पाय मोडलेल्या शेळ्या. आणि मागच्या एका खोलीत मांजरं. कुणाच्या दुभत्याला तोंड लावणारं, कुणाच्या मेलेल्या सासूचं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, म्हणून लोक पोत्यात घालून पांजरपोळाच्या फाटकाशी सोडून द्यायचे.

आम्ही तिघं एस.टी.नं शिरूरला गेलो. पांजरपोळाचा कारभार बघणारा शेठ ओसरीवर गादी टाकून बसला होता. वयस्कर, किरकोळ अंगाचा, हातात माळ. मांजरं हवीत म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. जनावर सोडायला सगळे येतात, न्यायला कोण येतं?

"कशासाठी पाहिजे?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालक म्हणाले, "पोरीला खेळायला."

"उंदीर मारायला नाही ना? बघा हां. इथनं गेलेल्या जिवाच्या हातून हत्या झाली तर ते पाप माझ्या माथी. आम्ही ह्यांना दूध-भाकरीच घालतो. तुमच्या घरी भिंतीत भोकं असली तर आत्ताच सांगा, मी देणार नाही."

"अवो शेठ, कसलं उंदीर न् काय! ह्या पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो." आणि खरोखर ठेवला. माझ्या कडेवरच्या पोरीच्या डोक्यावर, टाळू अजून लुपलुपत होती तिथं, हात ठेवला. "एक उंदीर मरायचा न्हाई. पोरीची शपथ."

मी पोरीला पदराखाली ओढलं. शेठ डोळे मिटून "बरं, बरं" म्हणाला. एक पिवळा बोका आणि एक करड्या रंगाची भाटी, म्हणजे मांजरी, दोघं एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपायची, ती आम्हाला मिळाली. मांजरांच्या वाट लक्षात राहू नये म्हणून त्यांचं पोतं दोनदा गरगर फिरवलं आणि आम्ही निघालो.

रस्त्यात मी मालकांना असं धुतलं, असं धुतलं! "जिभेला हाड हाय का तुमच्या? दुसरं काय सापडलं न्हाई शपथेला? सोताचं डोकं न्हवतं? का त्याच्यात काय न्हाई म्हणून ठिवला न्हाई हात?"

ते हसले. "अगं, तोंडाची वाफ ती. शेठ काय दौंडात येऊन उंदीर मोजनार हाय?"

शेठ येणार नव्हता. पण ज्याच्या-त्याच्या शपथेचा हिशेब ठेवणारा वर बसलाय, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आपण लेकाच्या गळ्याची शपथ खोटी घेतली म्हणून तो गेला, असं आमच्या आळीतली एक म्हातारी साऱ्या गावाला धरून सांगायची. मालकांना हसू येत होतं आणि माझ्या पाठीवरून सारखी मुंगी चालत होती.

घरी मांजरं चुलीजवळ डालीखाली दोन दिवस ठेवली, मग सोडली. आणि काय सांगू, दोघं महाराज निघाले! घूस समोरून जाई आणि बोका तिला वाट देई. दूध-भाकरीवर वाढलेले, शिकार कशाशी खातात हेच ठाऊक नाही. मालक कपाळाला हात लावून बसले. "सोवळ्यातली मांजरं आणली की गं आपून!"

वरून मी पण तोंड वाकडं केलं. आतून सुटल्यासारखं वाटलं. नको मारू दे बाबा. घुशी घुशींच्या जागी, शपथ शपथेच्या जागी. पण घुशींच्या जागी म्हणजे माझ्या पोरीच्या पायाशी! इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, त्या दोन्हींच्या मधे मी काठी घेऊन बसायची. पोर झोपली की उशाला काठी. घूस दिसली की ती हाकलायची, आणि भाटीनं नुसते कान टवकारले तरी तिच्यापुढं दुधाची वाटी सरकवायची. म्हणजे पोर घुशींपासून वाचवायची आणि घुशी मांजरांपासून वाचवायच्या. आज सांगताना हसू येतं. तेव्हा माझं वजन उतरलं होतं. दूध आटत चाललं होतं. झोप नावाची गोष्ट राहिली नव्हती.

जित्याची खोड म्हणतात ती मांजराची पण असते. दूध-भाकरीनं ती झोपलेली असते एवढंच. एका दुपारी मी पोरीला पाजत बसले होते. भाटी बिळाच्या तोंडाशी बसलेली. मी वाटी सरकवली, तिनं वाटीकडं बघितलंच नाही. मग काय झालं ते मला नीट दिसलं पण नाही. एक चीं ऐकू आलं. आणि ती बया आपल्या अंगाएवढी घूस मानेला धरून ओढत आली, आणि आणून कुठं टाकावी? माझ्या मांडीशी. पोरीच्या त्याच पायाशी. आणि माझ्याकडं बघत बसली, शाबासकीसाठी.

मी किंचाळले. सगळी बिऱ्हाडं गोळा झाली. लोकांना वाटलं, मी घुशीला भ्याले.

दिवेलागणीला पोरीचं अंग तापलं.

मालक कामावरून आले. मी त्यांचा हात धरून पोरीच्या कपाळावर ठेवला. ज्या हातानं शपथ घेतली तोच. शेजाऱ्यांनी सांगितलेलं घुशीचं त्यांनी आधी विचारलं, मग पोरीकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसलं. "दात येत असत्याल," म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता.

रेल्वेच्या डॉक्टरनं गुलाबी औषध दिलं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. पोर स्तनाला तोंड लावीना. तिचे डोळे अर्धे उघडे राहायचे झोपेत, आणि मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची, वारा लागतोय का बघत. शेजारी फायरमनची बायको राहायची, आम्ही तिला चाची म्हणायचो. सात मुलांची आई, घाबरणं तिला माहीत नव्हतं. तिला मी शपथेचं सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"औषध चालूच ठेव," ती म्हणाली. "पण कसम ज्याच्यापुढं घेतली त्यानंच सोडायची असती. तो सुटली म्हनला की सुटली. इथं बसून रडून काय व्हनार? जा त्याच्याकडं."

मालकांना रजा मिळेना. मी सकाळची एस.टी. धरली. एका कडेवर पोर, एका हातात झाकणाची दुरडी, तिच्यात बोका आणि भाटी. मांजरं परत द्यायची आणि शपथ सोडवून घ्यायची, एवढंच डोक्यात. बोक्यानं गाडी सुटताच असा गळा काढला की कंडक्टर उठून आला. "बाई, मांजर आडवं गेलं तर आमी गाडी थांबवतो, आन् तुमी गाडीतच घिऊन बसलाय?" माणसं हसली. माझं रडू बघून गप्प झाली. सारा रस्ता पोरीचा चटका माझ्या छातीला लागत होता. दर खड्ड्याला मी तिच्याकडं बघायची.

शेठ ओसरीवरच होता. मी दुरडी खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. भिंतीतली भोकं, करंगळी, खोटी शपथ, मेलेली घूस, ताप. तो ऐकता ऐकता पांढरा पडला. माळ थांबली.

"मांजरं ठेवून जा," तो म्हणाला.

"ठेवते. पण सुटली म्हणा, शेठ."

"ते मला म्हणता येणार नाही. सुटली म्हणणं म्हणजे हत्या झाली ती मला चालली म्हणणं. मला पण वर तोंड दाखवायचं आहे, बाई."

"एकच शब्द तर आहे."

"शब्दच सगळं असतो." तो हात जोडून म्हणाला. उर्मट नव्हता तो माणूस. घाबरला होता, माझ्यासारखाच. पण मला तेव्हा त्याची भीती दिसत नव्हती, माझीच एवढी मोठी होती.

आणि मग माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले आणि पोरीला त्याच्या गादीवर, त्याच्या मांडीशी ठेवलं.

"मग हिला पण ठेवून घ्या. पांजरपोळच आहे ना तुमचा? लंगडी गाय ठेवता, आंधळं घोडं ठेवता. ही घुशीनं खाल्लेली पोर ठेवा. हिला वाचवायची माझ्यात ताकद नाही. घूस मारली तर शपथ खाते, नाही मारली तर घूस खाते. तुम्हीच सांगा आता, कुणाला घालू?"

मी ओसरी उतरले सुद्धा. पायऱ्या कशा उतरले मला माहीत नाही. मागून पोर रडली नाही. तिच्या न रडण्यानं माझा जीव गेला होता. मी वळून बघितलं तर शेठनं दुपटं बाजूला केलं होतं आणि तिचा पाय तळहातावर घेऊन तो त्या करंगळीकडं बघत होता. मग त्यानं तिच्या कपाळाला हात लावला, मानेखाली हात घातला. हात ओला झाला त्याचा.

"बाई," तो म्हणाला, "अहो, हिला घाम फुटलाय. ताप उतरलाय हिचा. या, बघा."

मी पळत वर गेले. खरंच होतं. अंगडं भिजून चिंब, कपाळ गार, आणि पोर डोळे उघडून त्याच्या हातातल्या माळेकडं बघत होती. त्याच्या तोंडावर सुटकेचं हसू होतं. त्याला वाटलं, झालं, मिटलं, आता शब्द मागणार नाही ही.

मी पोरीला उचललं नाही. "ते असू दे," मी म्हणाले. "आधी सुटली म्हणा."

ते हसू गेलं.  पोरीनं माळेचं एक टोक धरून ओढलं, तोंडात घातलं. त्यानं डोळे मिटले.

"सुटली," तो म्हणाला. मला ऐकू येईल न येईल असं.

मी पोर उचलली, आणि लाज सोडून दुरडी पण उचलली. शपथ सुटली म्हणजे मांजरं घरी परत न्यायची, हे त्या क्षणीच ठरलं. त्यानं अडवलं नाही. तो उठून आत गेला, आणि पाण्याचा तांब्या घेतल्याचा, हात धुतल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज, आत कुणाला तरी सांगत होता, "आज माझं ताट वाढू नका. उद्या पण नको."

मी फाटकाबाहेर येऊन भिंतीला टेकून पोरीला पदराखाली घेतलं. किती दिवसांनी ती पोटभर प्याली.