पिल्लांची परीक्षा आणि माझी कॉपी

आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत पंपाच्या खोलीमागे एक कुत्री व्याली. दोनच पिल्लं, एक काळं, एक भुरं. ती दोन महिन्यांची झाल्यावर त्यांना पाळायला दोन घरं पुढे आली. एक आमचं. बायकोची अट एवढीच, की कुत्रा सोफ्यावर चढता कामा नये. दुसरं आमच्या बरोबर वरच्या मजल्यावरच्या सरांचं. सर निवृत्त विज्ञानशिक्षक, घरात एकटे, आणि शिकवायला कोणी उरलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

मला काळं हवं होतं. हातात घेतलं की ते माझ्या मनगटावर हनुवटी टेकवायचं, एवढंच कारण. पण वयाचा मान म्हणून पहिली निवड सरांची ठरली. सर म्हणाले, "मी परीक्षा घेणार. पिल्लू अडचणीत कसं वागतं, त्यावरून ते मोठेपणी कसं निघेल ते कळतं. हुशार असेल ते माझं."

परीक्षा साधी होती. बिस्किटाच्या तुकड्यावर स्टीलची वाटी पालथी घालायची आणि घड्याळ लावायचं. रविवारी सकाळी, गच्चीवर.

माझ्या हातात तीन दिवस होते. मी गुपचूप भुऱ्याची शिकवणी सुरू केली. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर, पंपाच्या खोलीमागे उकिडवा बसून. पहिल्या दिवशी ते वाटीच्या आवाजाला घाबरून आईच्या पोटाखाली घुसलं. दुसऱ्या दिवशी नाकाने वाटी ढकलायला लागलं. तिसऱ्या दिवशी पंजाच्या एका फटक्यात उलथवलीच. वॉचमनकाका लांबून बघत होते. म्हणाले, "काय साहेब, यंदा दहावीला आहे का?"

रविवारी भुऱ्याने वाटी अशी उडवली, की ती पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटली. काळं मात्र वाटीभोवती एक चक्कर मारून खाली बसलं आणि सरांकडे बघायला लागलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा सरांकडे.

"मंद आहे रे हे," सर हळहळले. "तुला चालेल ना?"

मी तोंड पाडून म्हटलं, "आता काय सर, चालवून घेतो."

याला दोन वर्षं झाली. काळा अजून तेच करतो. हवं त्या वस्तूसमोर बसायचं आणि माणसाकडे बघायचं. बंद दार असो, रिकामं भांडं असो. सोफ्यासमोर तो असा आठ दिवस बसला, नवव्या दिवशी बायको स्वतःच बाजूला सरकली. वर भुऱ्याची वेगळीच तऱ्हा. तो कपाटं उघडायचा, डबे उघडायचा, पाहुण्यांच्या बॅगांच्या चेन उघडायचा. पुढे हँडल दाबून दारंही उघडायला लागला. सुरुवातीला सर हे सगळं कौतुकाने सांगायचे. नंतर नुसतंच सांगायचे.

मग एके सकाळी सर बनियन-लुंगीवर पेपर उचलायला बाहेर आले आणि मागे वाऱ्याने दार लागलं. किल्ली आत. ते दार बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही; आतून मात्र नुसतं हँडल दाबलं की झालं. सरांचा आवाज खाली आमच्यापर्यंत आला. "उघड! अरे हँडल दाब! रोज दाबतोस ना!"

मी काळ्याला घेऊन वर गेलो. आत स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला.

"इडल्या," सर खचून म्हणाले.

काळ्याने दाराच्या फटीत नाक घातलं, खाली बसला आणि सरांकडे बघायला लागला.

"हा काय करतोय?"

"तुम्ही उघडाल म्हणून वाट बघतोय."

सर पायरीवर बसले. "माझंच चुकलं रे. जन्मजात हुशार म्हणून घेतला आणि वळण लावायचं राहून गेलं." त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की माझ्याच्याने राहवेना.

"सर, जन्मजात नाही. मी आधी शिकवलं होतं त्याला. मला काळा हवा होता."

सर एकदम ताठ बसले. "किती दिवस?"

"तीन."

"पहिल्या दिवशी काय केलं त्याने?"

"घाबरून पळाला."

"म्हणजे मुळात भित्रा! तीन दिवसांत भीती गेली, आणि हे तू मला आज सांगतोस?" त्यांनी मांडीवर थाप मारली. "कॉपी केलीस त्याचं काही नाही. पण गाढवा, नोंदी का नाही ठेवल्यास?"

तेवढ्यात हँडल खाली गेलं. भुरा दारात उभा, शेपटी हलवत, नाकावर चटणी. त्याला आमची आठवण झाली होती, इडल्या संपल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी संध्याकाळी गच्चीवर वर्ग भरवला. दोन विद्यार्थी कुत्रे, तिसरा मी, वही घेऊन. भुऱ्याला थांबायला शिकायचं होतं, काळ्याला स्वतःहून काहीतरी करायला. भुरा महिन्याभरात शिकला; आता ताटासमोर लाळ गाळत का होईना, पण थांबतो. काळ्याचं पान वहीत कोरंच आहे.

परवा जिन्यात सर भेटले, हातात भाजीची पिशवी. काळा त्यांच्यासमोर बसला आणि बघायला लागला. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच एक गाजर काढून त्याच्या तोंडात दिलं आणि मला दरडावलं, "हे लिहायचं नाही."