वर काय लिहिलंय?

दुपारचं जेवण आवरलं की विनयाबाई खाटेवर आडव्या होतात. त्याला झोप म्हणणं धाडसाचं. डोळे मिटलेले असतात, पण मोरीत सून भांडी घासतेय हे ऐकू येत असतं. आज तो आवाज जरा लांब जातो, मग आणखी लांब, आणि खाटेच्या पायथ्याशी मोरेश्वरराव बसलेले असतात. बनियन, धोतर, गालावर वाढलेले पांढरे खुंट. नवऱ्याला जाऊन चार महिने झाले, हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. तरी त्या आधी पदर सावरतात आणि मग दचकतात.

"अहो, कधी आलात?"

"मघाशीच. म्हटलं, तुझा डोळा लागू दे."

ते बोलतायत याचंच बाईंना भरून येतं. कारण शेवटचे अकरा दिवस त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. अर्धांगाचा झटका आला, जीभ गेली, हातपाय गेले, राहिले ते फक्त डोळे. आणि ते डोळे सारखे एकाच जागी जायचे. डावीकडे, वर, कपाटाच्या माथ्यावर. बाईंनी कपाटावरच्या बॅगा उतरवल्या, जळमटं काढली, एक पाल हाकलली. नजर तिथेच.

मग बाईंनी तेच केलं जे चौथीच्या वर्गात तीस वर्षं केलं होतं. सतराच्या पाढ्याला अडलेलं पोर छताकडे बघायला लागलं की बाई हनुवटी धरून तोंड खाली आणायच्या. "वर काय लिहिलंय? इकडे बघ!" नवऱ्याचीही हनुवटी त्यांनी अशीच धरली. दिवसातून वीस-वीस वेळा, अगदी मायेने. "तिकडे काय आहे? मी इथे आहे ना, माझ्याकडे बघा." ते बघायचे. डोळे पाण्याने भरायचे. आणि परत कपाट.

तेराव्याला, त्यांचे हातपाय हलवून घ्यायला येणारी मुलगी भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, "काकू, माणूस काही आठवायला लागला ना, की नजर अशी कुठंतरी जाऊन थांबते. एखादी गोष्ट जिथं पाहिलेली असते, त्या बाजूला डोळे आपोआप जातात. नजर अडवली तर आठवायला जड जातं." बिचारीला काय माहीत, ती कुणाला सांगतेय. बैल गेला नि झोपा केला! तेव्हापासून बाईंच्या डोक्यात एकच. माणूस अकरा दिवस काय आठवत होता?

म्हणून त्या आता वेळ दवडत नाहीत.

"अहो, काय आठवत होतात तुम्ही?"

"सांगतो. थांब हं."

त्यांचे डोळे डावीकडे वर जातात. वर कपाट नाही, शाळेचं पत्र्याचं छत आहे, आणि मोरेश्वरराव तिसऱ्या बाकावर गुडघे दुमडून बसलेत. बाईंचा हात उठतो. त्यांना कळायच्या आत हनुवटी हातात असते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेले ते आणि खोड राहिली बाईंची.

"बघ, गेलं," ते म्हणतात. रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाई त्यांच्या शेजारी बसतात. दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवतात आणि सगळा भार त्यांच्यावर टाकतात.

"आता नाही लावत हात. बघा तुम्ही, हवं तिकडे बघा."

बाकाचा पाट झालेला असतो. समोर मांडव, पण सनई नाही. भटजी गप्प, आत्या-मावश्या गप्प. बाईंच्या मामांनी तांदळाचं ताट धरलंय आणि मोरेश्वररावांच्या चिमटीत अंगठी आहे.

"इथे लिहिलं होतं बघ," ते म्हणतात. "तुझं नवं नाव. मीच ठेवलेलं. तुझे मामा ताडमाड, त्यांनी ताट धरलं ते माझ्या डाव्या अंगाला आणि एवढं उंच. म्हणून तिकडे बघायचो. तीन अक्षरं, एवढं कळायचं. पहिलं अक्षर दिसू लागायचं, की तू मान वळवायचीस."

"माझं नाव?"

"सेहेचाळीस वर्षं नुसतं 'अगं'वर भागवलं. म्हटलं, जाताना एकदा नावाने हाक मारावी. जीभ नाही तर नाही, निदान मनात तरी."

"अहो, विनया! विनया ना!" बाई ओरडतातच.

"चांगलं आहे," ते म्हणतात. लांबच्या नात्यातल्या बारशाला म्हणावं तसं. "पण तू सांगून काय उपयोग? ते मला दिसायला हवं होतं."

ते परत वर बघतात. ताटात नुसते तांदूळ, एकही रेघ नाही. बाईंचे तळवे ठणकतात, बोटं बधिर होतात, पण त्या हलत नाहीत. मांडवातली माणसं कधी उठून गेली, कळत नाही.

"सावकाश बघा. सापडेल."

"नाही गं," मोरेश्वरराव म्हणतात. "आता डोळे कुठले?"

"आई, चहा झालाय!"

बाई खाटेवर उताण्या आहेत आणि दोन्ही हात अंगाखाली गच्च दाबलेले. त्या ते ओढून काढतात, तर कुणा दुसऱ्याचेच असावेत असे गार, जड. दोन्ही तळव्यांवर खाटेच्या नवारीच्या पट्ट्यांचे खोल वळ उमटलेत, लालभडक. कप धरवत नाही. सून घाबरून कप खाली ठेवते आणि त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन चोळायला लागते.

"अगंबाई, केवढे वळ हे! थांबा, रक्त फिरलं की जातील आत्ता."

"नको चोळूस," बाई हात काढून घेतात. "राहू देत."